वेगळं दार, एकच शिक्षण

नोव्हेंबर २०२४ मध्ये सोल शहरातल्या दोंगदोक महिला विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर शेकडो जॅकेटं जमिनीवर अंथरलेली होती. कोरियातल्या कॉलेजांत आपल्या विभागाचं आणि विद्यापीठाचं नाव असलेलं जॅकेट शिवून घ्यायची पद्धत आहे. मुलं-मुली ते वर्षभर मिरवतात. दोंगदोकच्या मुलींनी ती काढून, पाठीवरचं नाव वर दिसेल अशी, रांगेनं मांडून ठेवली. विद्यापीठ आमचं राहणार नसेल तर हे नावही नको, असा त्याचा अर्थ होता. आत मुलींनी इमारत ताब्यात घेतली होती, भिंती रंगाच्या फवाऱ्यानं लिहिलेल्या घोषणांनी भरल्या होत्या आणि तास ऑनलाइन चालले होते.

निमित्त झालं एका बातमीचं. विद्यापीठाच्या विकास आराखड्यात मुलग्यांना प्रवेश देण्याचा विचार चालला असल्याचं बाहेर फुटलं. विद्यार्थिनींना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी २० नोव्हेंबरला मैदानावर आपली सर्वसाधारण सभा बोलावली. हजर १,९७३. मुलग्यांच्या प्रवेशाविरुद्ध १,९७१. तटस्थ २. बाजूनं एकही नाही. त्यांची घोषणा होती : संपून जाऊ, पण दार उघडणार नाही.

त्याच्या चौतीस वर्षं आधी, पॅसिफिकच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये मिल्स कॉलेजच्या मुलींच्या टी-शर्टवर जवळपास हेच छापलेलं होतं : सहशिक्षणापेक्षा मरण बरं. भाषा वेगळी, देश वेगळा, पण त्वेष तोच. महिलांच्या कॉलेजात मुलगे घ्यावेत की नाही, हा विषय सभागृहात मांडला की साधा प्रशासकीय वाटतो. मग त्यावरून मुली मरणाची भाषा का करतात?

हिशेबाची वही

हा प्रश्न कुठून येतो ते आधी पाहू. शिक्षणाच्या चर्चेतून तो क्वचितच येतो. तो येतो जमाखर्चातून.

कोरियात २०२३ मध्ये एका स्त्रीमागे जन्मदर ०.७२ इतका खाली आला. अठरा वर्षांची मुलंच कमी होत चालली, तर निम्म्या लोकसंख्येला दार बंद ठेवून वर्ग भरायचे कसे, हा तिथल्या व्यवस्थापनाचा सवाल आहे. जपानचीही तीच गत. तिथलं सर्वांत मोठं महिला विद्यापीठ म्हणजे ह्योगो प्रांतातलं मुकोगावा. २०२७ पासून मुलगे घेणार असल्याचं त्यानं २०२५ मध्ये जाहीर केलं. तोक्योतल्या केइसेनसारख्या छोट्या महिला विद्यापीठानं तर त्याआधीच नवे प्रवेश थांबवले होते.

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये ही घसरण आधी झाली, आणि तिचं कारण निराळं होतं. तिथं पुरुषांच्या कॉलेजांनी मुलींना दारं उघडली. येल आणि प्रिन्स्टननं १९६९ मध्ये पदवीच्या वर्गात मुली घेतल्या. ऑक्सफर्डमधली पुरुषांची पहिली पाच कॉलेजं १९७४ मध्ये मिश्र झाली. हुशार मुलीपुढे एकाएकी दोन वाटा आल्या, आणि बहुतेकींनी जिथं पैसा, ग्रंथालय आणि नावाचा दबदबा जास्त ती निवडली. जी महिला कॉलेजं दार बंद असण्याच्या काळात उभी राहिली, ती दार उघडल्यावर रिकामी व्हायला लागली. मग ऑक्सफर्डमध्ये १९७९ मध्ये लेडी मार्गारेट हॉल आणि सेंट ॲन्स, १९९४ मध्ये सॉमरव्हिल आणि शेवटी २००८ मध्ये सेंट हिल्डाज अशी एकेक करून सगळी मिश्र झाली.

मुलगे घेतल्यानं तिजोरी भरते का? दाखले दोन्हीकडचे आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासार कॉलेजला येलनं आपल्या शेजारी बिऱ्हाड हलवायचं निमंत्रण दिलं होतं. व्हासारनं १९६७ मध्ये ते नाकारलं आणि १९६९ मध्ये स्वतःच्या घरात, स्वतःच्या अटींवर मुलगे घेतले. पदरात पैसा आणि नाव दोन्ही असताना घेतलेला हा निर्णय होता, आणि तो निभावला.

व्हर्जिनियातल्या रँडॉल्फ-मेकन महिला कॉलेजची गोष्ट याच्या उलट. पैशाची ओढाताण असह्य झाल्यावर तिथं २००७ मध्ये मुलगे आले, नावातून ‘महिला’ गेलं. त्याच वर्षी संस्थेनं भिंतीवरची मोलाची चित्रं विकायला काढली. त्यातलं जॉर्ज बेलोजचं गोदी कामगारांचं चित्र १९२० मध्ये विद्यार्थिनींनी आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून अडीच हजार डॉलर्सना घेतलेलं होतं. २०१४ मध्ये ते लंडनच्या नॅशनल गॅलरीनं अडीच कोटींहून अधिक डॉलर्सना विकत घेतलं. म्हणजे मुलगे आले, नाव गेलं, आणि तरी घरातला दागिना विकावा लागलाच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

आता मिल्स. ३ मे १९९० रोजी विश्वस्तांनी मुलगे घेण्याचा निर्णय जाहीर केला. विद्यार्थिनी आठशेच्या आत होत्या आणि हिशेब जुळत नव्हता. निर्णय ऐकताच मुली हमसून रडल्या, काहींनी मुंडण केलं, कार्यालयांची दारं अडवून बसल्या. माजी विद्यार्थिनींनी निधी उभारायचा शब्द दिला, प्राध्यापकांनी जादा तास घ्यायची तयारी दाखवली. दोन आठवड्यांत, १८ मे रोजी, विश्वस्तांनी निर्णय मागे घेतला. असा विजय विद्यार्थी चळवळीच्या वाट्याला क्वचित येतो. पण हिशेबाचा प्रश्न सुटला नव्हता, पुढं ढकलला गेला होता. २०२२ मध्ये मिल्स बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात विलीन झालं आणि मुलगे आले ते आलेच.

मग नव्वदचा लढा फुकट गेला का? मला तसं वाटत नाही. मधल्या तीन दशकांत तिथं शिकून गेलेल्या मुलींच्या पिढ्या खऱ्या आहेत. पण एक धडा दोन्ही पक्षांनी घ्यावा असा आहे. नुसत्या ‘नाही’वर संस्था चालत नाही आणि नुसत्या मुलग्यांच्या फीवरही नाही.

आनंदीबाईंचं कॉलेज

मराठी वाचकाच्या ओळखीचं एक महिला कॉलेज या यादीत आहे, हे सहसा लक्षात येत नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, ते पेनसिल्व्हेनियाचं महिला वैद्यकीय कॉलेज. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईंचं एक जुनं छायाचित्र सर्वांच्या पाहण्यातलं आहे. नऊवारीतल्या आनंदीबाई, शेजारी किमोनोतल्या जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. तीन देशांतून आलेल्या तिघी फिलाडेल्फियाच्या एकाच कॉलेजात शिकल्या, कारण मुलींना वैद्यकी शिकवणाऱ्या जागा जगात मोजक्याच होत्या. पुरुषांच्या वैद्यकीय कॉलेजांची दारं मुलींना बंद, म्हणून १८५० मध्ये हे वेगळं दार केलेलं.

या कॉलेजनं १९६९ मध्ये मुलगे घेतले, लगोलग नावातला ‘महिला’ शब्द काढला आणि पुढं विलीनीकरणं होत होत ते ड्रेक्सेल विद्यापीठाचा भाग झालं. वरवर पाहता ही कार्यपूर्तीची कथा वाटते. काम झालं, वेगळ्या दाराची गरज संपली. पण त्या साली अमेरिकेतल्या सगळ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत मुली दहा टक्क्यांच्याही आत होत्या. इतर कॉलेजांना लिंगभेद करायला मनाई करणारा कायदा त्यानंतर, १९७२ मध्ये आला. म्हणजे बाकीची दारं जेमतेम किलकिली असताना, मुलींसाठी राखलेलं हे एक दार आधी सगळ्यांना खुलं झालं. उघडायला हरकत नव्हती, क्रम चुकला.

फर्ग्युसनमधले दोन मास्तर

हा वाद आपल्याला सोल किंवा ओकलंडहून आयात करायची गरज नाही. तो पुण्यात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी झाला आहे, आणि एकाच कॉलेजच्या आवारात त्याच्या दोन्ही बाजू नांदत होत्या.

गोपाळ गणेश आगरकरांनी ‘सुधारक’मध्ये लिहिलेल्या एका निबंधाचं शीर्षकच त्यांचं म्हणणं सांगून टाकतं : स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे. ‘एकच’ आणि ‘एकत्र’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत, हे आगरकरांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांना दोन्ही हव्या होत्या. मुलींना पुण्यात हायस्कूल असावं की नसावं यावर रणं माजण्याचा तो काळ. अशा वेळी एकत्र बसवा म्हणणं म्हणजे लोकांच्या अंगावर निखारा टाकणंच.

१८९१ मध्ये फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक म्हणून धोंडो केशव कर्वे आले. पुढच्याच वर्षी आगरकर प्राचार्य झाले. आगरकर १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता गेले. कर्वे १०४ वर्षं जगले. दोघांनाही स्त्रियांचं भलं हवं होतं, पण कर्व्यांनी रस्ता वेगळा धरला. हिंगण्याला माळावरच्या झोपडीत विधवांचा आश्रम, मग महिला विद्यालय आणि १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, थेट महिला विद्यापीठ.

विद्यापीठाची कल्पना जपानची. तोक्योत जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाविषयीची पुस्तिका कर्व्यांच्या हाती पडली होती. १९१५ मध्ये मुंबईला भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तसं विद्यापीठ आपल्याकडे असावं अशी कल्पना मांडली. मातृभाषेतून शिक्षण, संसाराला उपयोगी पडतील असे विषय आणि पदवीचं नाव ‘गृहीतागमा’. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या विद्यार्थिनी घेऊन सुरू झालेल्या या विद्यापीठाला १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव लागलं. तेच आजचं एसएनडीटी.

या वाटेवर टीका झाली, आणि ती रास्त होती. मुलींना वेगळा, सौम्य अभ्यासक्रम म्हणजे त्यांची बुद्धी बेताची आहे असं आधीच धरून चालणं. आगरकर असते तर त्यांनी यावर लेखणी चालवलीच असती. पण त्या वेळी एकत्र बसणाऱ्या मुलीचं काय होत असे, हेही पाहायला हवं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलग्यांच्या वर्गात एकट्या शिकल्या. वर्गाची दारं त्यांच्या तोंडावर लावून घेतली जात. त्या पहिल्या वर्गात आल्या. पण इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली गेली. वर्गणीच्या पैशांवर त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या, त्याही सॉमरव्हिलमध्ये. म्हणजे वेगळ्या दारानंच. सोराबजींसारखी एखादी बंद दारावर धडका मारून आत जाते. हिंगण्याला येणाऱ्या मुलीला ते परवडणारं नव्हतं. कर्व्यांनी हिशेब केला तो तिचा.

हिंगण्याच्या त्याच संस्थेनं १९९१ मध्ये कर्वेनगरला मुलींचं इंजिनियरिंग कॉलेज काढलं. विधवांना अक्षरओळख करून देणाऱ्या आश्रमाच्या वारसदार संस्थेत आज मुली मेकॅनिकलला बसतात. वर्कशॉपमध्ये लेथ चालवायला ‘त्याला सांग’ म्हणावं असा ‘तो’ तिथं नसतो. जॉब फिरवणारी मुलगी, टूल घासून आणणारी मुलगी, चूक झाल्यावर ओरडा खाणारीही मुलगीच. वेगळ्या दारामागे एकच शिक्षण असू शकतं, हे तिथं दिसतं. कर्व्यांचा रस्ता आगरकरांच्या निम्म्या मागणीपर्यंत येऊन पोहोचला आहे. उरली ती ‘एकत्र’ची.

वेगळेपणाचा उलटा वार

मुलगे घ्या म्हणणाऱ्यांची बाजू फक्त पैशाची आहे, असं मानणं अन्यायाचं होईल. मिसिसिपी राज्यात महिलांसाठीचं सरकारी विद्यापीठ होतं. जो होगन नावाच्या परिचारकाला तिथल्या नर्सिंग विभागात शिकायचं होतं. पुरुष म्हणून प्रवेश नाकारला गेला. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला. निकाल लिहिला त्या न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी. त्यांचा मुद्दा टोकदार होता. नर्सिंग हे बायकांचंच काम, या समजुतीला अशी राखीव जागा खतपाणी घालते, मग त्यातून बायकांचं भलं कसं होतं? ते विद्यापीठ आज मिश्र आहे. नावात मात्र ‘महिला’ अजून आहे.

भारतातला दाखला याहून बोचरा. आपल्या संविधानाचा अनुच्छेद १५(३) स्त्रियांसाठी विशेष तरतूद करायची मुभा देतो. महिला कॉलेजांचा कायदेशीर पाया तोच. पण १९५२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढं प्रकरण आलं ते एका मुलीचं. हुगळीच्या मोहसिन कॉलेजात तिला प्रवेश हवा होता. तिला सांगण्यात आलं की, गावात मुलींसाठी वेगळं कॉलेज झालं आहे, तिकडं जा. न्यायालयानंही ते ग्राह्य धरलं. वेगळं दार केलं की मोठ्या दारावरचा हक्क सोडावा लागतो की काय, ही भीती खोटी नाही.

आणि वेगळ्या दाराला कडी बाहेरूनही लावता येते. वसतिगृहांत रात्री मुलींना लवकर कोंडण्याविरुद्ध २०१५ मध्ये दिल्लीत ‘पिंजरा तोड’ चळवळ उभी राहिली, तिचा रोख महिला कॉलेजांच्या वसतिगृहांवरही होता. सुरक्षित जागा आणि पिंजरा यांत अंतर फार नसतं. दार कुणाच्या हातात आहे, त्यावर ते ठरतं.

शैक्षणिक संशोधन या वादाचा निकाल लावील, अशी आशा करू नये. सोलमध्ये हायस्कूलचे प्रवेश चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले जात. त्या आधारे झालेल्या एका अभ्यासात वेगळ्या शाळांतली मुलं-मुली कॉलेजला जास्त प्रमाणात गेल्याचं दिसलं. उलट अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात वेगळ्या शाळांच्या फायद्यांना छद्मविज्ञान ठरवलं. दोन्ही बाजूंना हवा तो कागद मिळतो.

वर्ग नव्हे, रस्ता

दोंगदोकच्या मुलींना कशाची धास्ती होती? २०१८ मध्ये एका पुरुषानं त्यांच्याच विद्यापीठाच्या वर्गात शिरून स्वतःची नग्न छायाचित्रं काढली आणि पसरवली होती. २०२४ च्या उन्हाळ्यात शाळा-कॉलेजांतल्या मुलींचे चेहरे चिकटवलेल्या बनावट अश्लील चित्रफितींनी कोरिया हादरला होता. आपल्याकडेही दिल्लीत २०२० मध्ये गार्गी कॉलेजच्या महोत्सवात बाहेरचे पुरुष घुसले आणि मुलींशी अतिप्रसंग झाले. २०२२ मध्ये तिथल्याच मिरांडा हाउस या महिला कॉलेजच्या दिवाळी कार्यक्रमात तर भिंतींवर चढून. बाहेर असं असताना आतला कोपरा सोडा म्हणणाऱ्याला मुली उलट विचारणारच.

आपल्या देशात प्रश्न वर्गाच्याही आधी सुरू होतो. अर्थशास्त्रज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. जायचा-यायचा रस्ता सुरक्षित वाटावा म्हणून मुली कमी दर्जाचं कॉलेज पत्करतात, मुलगे तसं फारसं करत नाहीत, असं त्यांना आढळलं. तालुक्याच्या गावात याला पुरावा लागत नाही. सकाळी सहाची एसटी, एक बदली, मग स्टँडपासून चालत. आणि घरातलं एकच वाक्य : मुलींचं कॉलेज असेल तर जा, नाहीतर बाहेरून परीक्षा दे. महाराष्ट्र सरकारनं २०२४ पासून ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, हे उत्तमच झालं. पण हे वाक्य फीच्या पावतीनं पुसलं जात नाही.

देशपातळीवरच्या सर्वेक्षणात उच्च शिक्षणातलं मुलींचं सकल नोंदणी प्रमाण आता मुलग्यांच्या बरोबरीनं, किंबहुना किंचित वरच आलं आहे. मग खास मुलींची साडेचार हजारांच्या घरातली कॉलेजं कशाला, असं कुणी विचारील. पण त्या बरोबरीतला मोठा वाटा याच कॉलेजांनी उचललेला नाही, असं छातीठोकपणे कोण म्हणेल? आणि पटावर बरोबरी आली म्हणून वर्गात, वर्कशॉपमध्ये, विद्यार्थी संसदेत ती आली असं होत नाही. मुलींच्या कॉलेजात सचिव मुलगी असते, स्पीकरच्या वायरी ओढणारी मुलगी असते, सहलीची बस ठरवून घासाघीस करणारीही मुलगीच असते. सवयीनं माणूस घडतं.

निकाल

दोंगदोकच्या इमारतीतला ठिय्या तीनेक आठवडे चालला. विद्यापीठानं नुकसानीचा आकडा ५ अब्ज ४० कोटी वॉनपर्यंत असल्याचं सांगितलं, मुलींवर तक्रारी केल्या आणि नंतर त्या मागे घेतल्या. मग चर्चेसाठी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून २०२५ च्या अखेरीस जाहीर झालं, की २०२९ पासून विद्यापीठ मिश्र होणार. त्या वेळी शिकणाऱ्या मुली तोवर बाहेर पडलेल्या असतील. विरोध करणाऱ्या निघून जाण्याची वाट पाहायची, ही युक्ती जुनीच आहे. मुदत दिली म्हणून संमती मिळत नाही.

माझं मत सांगायचं तर, आगरकर मुक्कामाबद्दल बरोबर होते आणि कर्वे रस्त्याबद्दल. एकत्र शिकणं हाच शेवट असावा. पण महिला कॉलेजचं फाटक उघडताना काही गोष्टी आधी तपासाव्यात. ज्या शिकतात त्यांना मत आहे का. निर्णय व्हासारसारखा पदर भरलेला असताना होतोय, की चित्रं विकायची वेळ आल्यावर. प्राचार्यपद, विश्वस्त मंडळ, विद्यार्थी संसद यांत मुलगे आल्यावर बायका किती उरतील, हे संस्थेच्या घटनेत लिहिलेलं आहे का. स्त्री म्हणून जगणाऱ्या पारलिंगी मुलींना जागा आहे का. मिल्सनं २०१४ मध्ये आणि कर्व्यांना स्फूर्ती देणाऱ्या तोक्योच्या विद्यापीठानं २०२४ मध्ये ती दिली, आणि मुलींची संस्था त्यानं बुडाली नाही. त्याच बरोबर, पारंपरिक ‘बायकी’ विषयच शिकवत राहणाऱ्या आणि रात्री सातला कुलूप घालणाऱ्या संस्थेनं वेगळेपणाची ढाल पुढं करू नये. तिच्यावर ओकॉनरबाईंचा आक्षेप लागू होतोच.

आणि सगळ्यांत आधी एक साधं काम. ठराव मांडण्यापूर्वी व्यवस्थापनानं गेल्या काही वर्षांच्या प्रवेशाच्या फाइली घेऊन बसावं. मुली कुठल्या गावांहून येतात, किती बदल्या करून येतात, आणि किती जणींना घरच्यांनी दुसऱ्या कॉलेजचा फॉर्मच भरू दिला नव्हता, हे त्यांनाच विचारावं. तो शेवटचा आकडा शून्यावर आला असेल, तर आगरकरांचं ऐकायला उशीर झाला असं समजून पुढच्याच जूनपासून मुलगे घ्यावेत. आला नसेल तर थांबावं. महाराष्ट्रात मुलग्यांसाठी कॉलेजांची वानवा नाही.